कागद तुमचा, पाकीट माझं

मास्तर, तुमचा अल्बम माझ्या टेबलावर आहे. वर मायना घातलेला नाही, हे तुमच्या पहिल्यांदा लक्षात आलं असतं. वडिलांना तीर्थरूप, गुरूंना तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, असे सगळे मायने तुम्हीच आमच्याकडून घोटून घेतलेत आणि चुकला त्याला छडीही दिलीत. मला ते अजून पाठ आहेत. त्यातला एकही तुमच्यासाठी लिहायला हात तयार होत नाही, म्हणून नुसतं मास्तर. तुम्हाला जाऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली. मी ऐंशी ओलांडली. एवढ्या काळात तुम्हाला काही कळवावं असं कधी वाटलं नव्हतं, आता वाटतंय. मी तुमच्यावर सूड उगवायला बसलोय, आणि ज्याच्यावर उगवायचा त्याला कळलाच नाही तर त्या सुडात राम नाही.

अल्बम तुमच्या नातवानं, मुलीच्या मुलानं, आणून दिला. चांगला माणूस आहे, तुमच्यावर गेलेला नाही. दारात चपला काढून आत आला, पाया पडला, म्हणाला, "सर, तुम्ही आजोबांचे विद्यार्थी. तिकिटं जमवता म्हणून सगळ्या रत्नागिरीला ठाऊक आहे. आमच्या घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच ठेवा." मी विचारलं, "विकायचा नाही?" तर म्हणाला, "छे हो. पुढच्या महिन्यात इथं प्रदर्शन आहे ना, त्यात मांडलात आणि खाली आजोबांचं नाव लागलं, तर आईला बरं वाटेल. बाकी तुमचा." मी त्याला कोकम सरबत दिलं, बसवलं, तुमची चार कौतुकंही केली. तो फाटकाबाहेर गेला आणि मी कडी लावून अल्बम उघडला.

त्यात माझ्या वडिलांचं पाकीट आहे. भिजवून तिकीट सुटं केलं आणि उरलेला कागद न्हाणीच्या चुलीत गेला, असं तुम्ही माझ्या आईला कड्यावरच्या गणपतीची शपथ घेऊन सांगितलं होतंत, तेच पाकीट. चारी कोपरे शाबूत, काळ्या कागदाच्या त्रिकोणांत अडकवून बसवलेलं. खाली तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात: 'मंडाले ते रत्नागिरी. रौप्यमहोत्सवी मालिका, आठ आणे. देवळाच्या चित्रावर त्याच गावाचा शिक्का. अत्यंत दुर्मिळ.' मी ते त्रिकोणांतून अलगद सोडवून उलटं केलं. मागे वडिलांचं वाकडंतिकडं अक्षर, जांभळ्या पेन्सिलीतलं. पत्ता जसाच्या तसा. जो मिळावा म्हणून आई मरेपर्यंत झुरली, तो सत्तर वर्षं तुमच्या अल्बमात पालथा पडून होता.

आमची शाळा डोळ्यांपुढे येते. सड्याच्या पायथ्याशी जांभ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीच्या कोपऱ्यात तुमचं दुसरं टेबल. गावाला वेगळं पोस्ट नव्हतं. शाळेचे मास्तर तेच पोस्टमास्तर. एका टेबलावर हजेरी आणि छडी, दुसऱ्यावर शिक्का, शाईची गादी, लाख आणि तराजू. दुपारी तुम्ही कविता घ्यायचात. तुमचा गळा गोड होता, हे मला आजही नाकारता येत नाही. आर्या, दिंडी, भुजंगप्रयात, प्रत्येकाची चाल निराळी, आणि ताल तुम्ही पोस्टाच्या शिक्क्यानं द्यायचात. ठप्प, ठप्प, लाकडावर. हंसानं निरोप नेला, वाऱ्यानं निरोप नेला, अशा कविता तुम्हाला फार प्रिय. आम्ही तीस पोरं एका सुरात ओरडायचो आणि मला वाटायचं, सगळं जग एका चालीवर चाललंय. मग खाडीवरच्या तरीपलीकडून टपालवाल्याच्या काठीचे घुंगरू वाजले की तुमचा सूर कडव्यातच लटका पडायचा. "म्हणा रे, म्हणा, थांबू नका," म्हणत तुम्ही दुसऱ्या टेबलाकडे जायचात, थैलीची लाख फोडायचात. आम्ही म्हणत राहायचो, पण माझं लक्ष तुमच्या पाठीकडे. तुम्ही पत्रं लावून घेताना पत्ते वाचत नव्हतात, तिकिटं बघत होतात.

अर्ध्या गावाचे बाप्ये बोटींवर, मुंबईच्या गोदीत, रंगूनला. घरी राहिलेल्या बायांना अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी त्या पडवीत येऊन बसायच्या आणि तुम्ही एकेकीचं पत्र वाचून दाखवायचात. त्याचे तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत. तुमचा नियम ठरलेला होता, गावात म्हणच झाली होती त्याची: कागद तुमचा, पाकीट माझं. बायांना त्यात काय जातंय! रिकामं पाकीट, त्याची चूल पेटायची फार तर. आणि मयताचं पत्र आलं तर तुमचा त्यांना उलट आधार वाटायचा. आपल्याकडे अशुभाचं पत्र घरात ठेवत नाहीत. वाचलं की तिथल्या तिथे फाडायचं, वाऱ्यावर टाकायचं, आणि आंघोळ. पण तुम्ही म्हणायचात, "फाडायचे कष्ट कशाला, बाई. द्या इकडे. तुमचं अशुभ मी घेऊन जातो." बाया पदराला डोळे पुसत तुमच्या पाया पडायच्या. दुसऱ्याच्या घरचं मरण मास्तर स्वतःच्या घरात नेतो, म्हणून तुम्हाला देवमाणूस म्हणायच्या. तुम्ही मात्र घरी जाऊन चिमट्यानं ती पाकिटं उन्हाकडे धरून शिक्के वाचत होतात. फाडतात म्हणून मयताची पाकिटं कुठे उरत नाहीत, आणि उरत नाहीत म्हणून त्यांना मोल. हे तुम्हाला ठाऊक होतं. रडणाऱ्या बाईला ते कुठून ठाऊक असणार?

मला तुम्ही जवळ केलंत, हेही लिहायला हवं. मी कविता चालीवर म्हणायचो म्हणून असेल. रविवारी तुमच्या ओटीवर बोलवायचात. पितळी परातीत कोमट पाणी, त्यात कात्रणं सोडली की हळूहळू तिकीट कागदावरून सुटून एखाद्या होडीसारखं वर यायचं. तुम्ही म्हणायचात, "घाई करायची नाही. ओढलं की फाटलं. त्याचं त्याला सुटू दे." नव्या दिल्लीच्या समारंभाची ती सहा तिकिटं तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलीत तो दिवस मी विसरू शकत नाही. हिंदुस्थानात चित्रांची तिकिटं तोवर नव्हतीच जवळजवळ. नुसती राजाची डोकी. आणि इथे कमानी, खांब, किल्ला! बोटाच्या पेराएवढ्या कागदावर अख्खं शहर. मी भान हरपून हात पुढे केला, आणि तुम्ही माझ्या मनगटावर चिमटा हाणलात. "बोटं आहेत की बांगडे? जा, साबणानं हात धुऊन ये. माशाचा वास तिकिटाला लागला की जन्मात जात नाही." ओटीवर तुमचे दोन पाहुणे बसले होते, ते हसले. मी विहिरीवर जाऊन हात इतके घासले की नखांशी रक्त आलं. परत आलो तेव्हा तुम्ही अल्बम मिटला होता. "आता पुढच्या रविवारी," म्हणालात.

वडील ब्रह्मदेशात ऐरावती नदीवरच्या आगबोटीवर खलाशी होते. आपल्या रत्नागिरीत त्या देशाचा राजा आणून ठेवला, तो इथेच कैदेत मेला. आणि इथला माणूस पोटासाठी त्याच्या देशात. वडील वर्षा-दीड वर्षानं यायचे. त्यांना लिहिता यायचं, जेमतेम. राजाच्या रौप्यमहोत्सवाची तिकिटं निघाली त्या उन्हाळ्यात, पावसासाठी बोटी बंद व्हायच्या थोडं आधी, त्यांचं पत्र आलं. आम्ही आर्या म्हणत होतो. थैलीतून तुम्ही ते पाकीट काढलंत, थांबलात, आणि शिक्क्याचा ताल बंद पडला. मी बघितलं. जांभळा तुकडा, मधे काळ्या शाईत उंच निमुळतं देऊळ. तुम्ही पाकीट टीपकागदाखाली सारलंत आणि आमच्याकडे वळून ओरडलात, "थांबलात का? पुढचं कडवं!"

संध्याकाळी आईला पत्र वाचून दाखवलंत. मी तिच्या मांडीला टेकून बसलो होतो. तब्येत बरी आहे, भात चांगला मिळतो, म्हशीकडे बघा, दिवाळीला येईन. तुमच्या गोड आवाजात वडिलांचं पत्र कवितेसारखं वाटत होतं. आईनं कागद घडी करून चोळीत खोचला. पाकीट मागायचा रिवाज नव्हताच. घरी आल्यावर मी कागद पुन्हा उघडला, कारण मला वाचता येत होतं, तुम्हीच शिकवलं होतंत. आणि त्यात तुम्ही न वाचलेल्या ओळी होत्या. 'रंगूनची जागा सोडली. आता वरती मंडालेस असतो. नवा पत्ता पाकिटाचे पाठीवर लिहिला आहे, त्याच पत्त्यावर उत्तर धाडणे, जुन्यावर धाडू नये. पाकिटास आठ आण्याचे तिकीट मुद्दाम लावले आहे. त्यावर इथले देऊळ आहे. ते चिरंजीवास देणे. त्यास हौस आहे.'

सव्वा आण्याचं काम होतं, मास्तर. त्या माणसानं आठ आणे लावले. मला हौस आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई मला घेऊन तुमच्या ओटीशी आली. तुम्ही दात घासत होतात. आई खाली अंगणात उभी राहिली, ओटीवर चढली नाही. म्हणाली, "मास्तर, कालचं पाकीट जरा देता काय? त्याच्या मागं ह्यांचा पत्ता हाय, पोरगा सांगतो."

तुम्ही चूळ भरलीत. "पाकीट? ते रात्रीच भिजवलं, बाई."

"मग त्याचा कागद?"

"चुलीत गेला न्हाणीच्या. ओला कागद ठेवून करायचं काय?"

"मागं काय लिवलं व्हतं, बघितलंत काय?"

"पाकिटाची पाठ कोण वाचतं!"

आई हात जोडून म्हणाली, "तिकीट ऱ्हाऊ दे तुमचं, मास्तर. पोराला समजावतंय मी. मना फक्त ते मागचे चार शब्द द्या. आठवून बघा. कुठल्या गल्लीत, कुणाच्या घरात, काय तरी."

तेव्हा तुम्ही शपथ घेतलीत. तुम्ही मूळ आंजर्ल्याचे, शपथ घ्यायची तर कड्यावरच्या गणपतीचीच. "जळलं ते जळलं, त्याची शपथ. आणि एवढं घाबरायला काय झालं? जुन्या पत्त्यावर घालू. सरकारचं पोस्ट आहे, माणूस पाताळात असला तरी शोधून काढतं." मी मधेच म्हणालो, "पण बाबांनी जुन्यावर धाडू नये म्हणून लिहिलंय." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमच्या हातात अजून राखुंडीची वाटी होती. "तू पोस्टमास्तर की मी?" म्हणालात. आईनं माझ्या डोक्यावर टपली मारली. मास्तरांना उलट बोलतो म्हणून.

दोन पत्रं तुम्ही तिच्यासाठी लिहिलीत, जुन्या पत्त्यावर. ती पडवीत बसून सांगायची आणि मी शेजारी असायचो, त्यामुळे त्यांत काय आहे ते मला वाचायची गरज नाही. म्हशीला पारडी झाली. पाकीट चुकून जळलं, राग धरू नका. पोरगा पहिला आला कवितेत. पत्ता पुन्हा धाडा. दोन्ही पत्रं फिरून परत आली, वर वेगवेगळ्या पोस्टांचे शिक्के, तांबड्या शाईत शेरे. तुम्ही आईला दुरून दाखवलीत. तिनं हात पुढे केला. "परत आलेलं पत्र घरात नेऊ नये, बाई," तुम्ही म्हणालात, "ते मयताच्या पत्रासारखंच." आईनं हात मागे घेतला. तीही दोन्ही अल्बमात आहेत, वडिलांच्या पाकिटाच्या पुढच्याच पानावर. न फोडलेली. खाली तुमची टीप: 'मालक न सापडल्याने परत. शेरे पाहावेत.' मालक न सापडल्याने! मास्तर, मालकाचा पत्ता शेजारच्या पानावर होता हो.

वडिलांचं दुसरं पत्र आलं नाही. माणूस मानी होता. बायकोनं उत्तर पाठवलं नाही म्हणजे तिच्या मनात काही असेल, असं धरून बसला असावा. दिवाळी गेली, शिमगा गेला. मग मंडणगडाकडचा एक खलाशी घरी परत जाताना वाट वाकडी करून आमच्याकडे आला. अंगणात उकिडवा बसला, पाणी मागितलं, प्यायला नाही. "वयनी," म्हणाला, "तापानं गेला. आमी सगळे व्हतो. तुमी लिवलं असतंत तर बरं झालं असतं. दर बोटीला धक्क्यावर यायचा. टपालवाल्याला इचारायचा, माजं काय हाय काय? पोरं हसायची त्याला." आई म्हणाली, "लिवलं व्हतं." तो खाली बघत म्हणाला, "व्हय, लिवलं असेल." त्याला ते खोटं वाटलं, हे त्याच्या मानेवरून मला कळलं.

आणि एक गोष्ट तुम्हाला सांगायचीय, कारण तिचाच जाब मी मागतोय. गावात कुठल्याही बाईला नवऱ्याच्या मरणाचं पत्र आलं की ती ते फाडायची. दोन हातांनी, रडत, शिव्या देत, टरकन. त्यानं काहीतरी संपायचं. माझ्या आईकडे फाडायला पत्र नव्हतं. तिनं आंघोळ केली, बांगड्या उतरवल्या, जे करायचं ते सगळं केलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामे हात मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती आणि बोटं नुसती चाळवत होती. त्यानंतर चाळीस वर्षं ती जगली. टपालवाल्याचे घुंगरू जाऊन सायकलची घंटी आली, तरी ती ऐकली की तिची बोटं तशी चाळवायची. तुम्ही रस्त्यात भेटलात की ती पदर डोक्यावर घेऊन बाजूला व्हायची, वाकायची. पाकीट चुकून जळलं, मास्तरांचा काय दोष, म्हणायची. मी शाळेत तुमच्यापुढे कविता म्हणत राहिलो. पुढे मीही मास्तर झालो. तुमच्या चालीवर पोरांना कविता शिकवल्या, कारण मला दुसऱ्या चाली येत नव्हत्या. हंस निरोप पोचवतो ते कडवं आलं की खोकल्याचं निमित्त करून वर्गातल्या हुशार मुलीला पुढे म्हणायला सांगायचो.

तर आता सूड. आधी वाटलं, अल्बम प्रदर्शनात मांडावा आणि खाली सगळी हकिकत लिहावी. पण लोक वाचतील, हळहळतील, आणि शेवटी म्हणतील, काय दुर्मिळ संग्रह आहे! जिंकलात तुम्हीच. जाळावा, तर तुमचीच नक्कल. मग मला सुचलं, की संग्रह मोडायचा. ज्याचं पाकीट त्याच्या घरी.

गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी छत्री घेऊन निघतो. पाकिटांवर नावं आहेतच, घरंही बरीचशी जागेवर आहेत. परवा बंदराजवळच्या एका घरी गेलो. त्यांच्या पणज्याचं पाकीट होतं, तो पलटणीतून बसऱ्याला गेला होता. तिथून लष्करी टपालानं आलेलं, हिंदुस्थानच्याच तिकिटावर लष्कराची अक्षरं छापलेली. बाजारात नेलं तर दुकानदार मला खुर्ची देतील असं. घरात सूनबाई एकटी, हाताला पीठ.

"आजोबा, काय हाय ह्यात? पैसे-बिसे?"

"काही नाही. रिकामं आहे."

"मग ठेवायचं कशाला?"

"तुमचं आहे म्हणून."

तिनं पीठभरल्या हातानंच ते घेतलं. माझ्या अंगावर काटा आला, मास्तर, आणि मग इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पणज्याच्या नावावर तिच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला. तिनं ते देवाच्या फळीवर उदबत्तीच्या पुड्याखाली सरकवलं आणि मला चहा केला. त्या ठशानं तुमच्या पाकिटाचं बाजारमूल्य संपलं. मी दुसरा कप मागून घेतला.

मयताची पाकिटं मी कुणाच्या घरी नेली नाहीत. ती तुम्ही वेगळ्या भागात लावली आहेत, मागे, सगळ्यांत जाड कागदावर. ती मी फाडतो. रोज एक. परसात आंब्याखाली उभा राहतो, पत्त्यावरचं बाईचं नाव मोठ्यानं वाचतो, टरकन फाडतो, वाऱ्यावर सोडतो, आणि आंघोळ करतो. शेजारचा कॉलेजातला मुलगा परवा कुंपणावरून म्हणाला, "सर, आज परत आंघोळ? दुसऱ्यांदा?" म्हटलं, "उकडतंय रे." जन्मभर मी पाकिटाचा कोपरा दुमडला तरी हळहळलो आहे. आता फाडताना मला तुमचा चेहरा दिसतो, आणि मी आणखी सावकाश फाडतो.

आईच्या त्या दोन परत आलेल्या पत्रांवर तुमच्या हातचा जुना पत्ता होता. बॉलपेन घेतलं, निळं, साधं, आणि तो पत्ता खोडला. त्याखाली वडिलांच्या पाकिटाच्या पाठीवरून बघून नवा लिहिला: मंडाले, नदीकाठ, लाकडाच्या वखारीमागे, चाटगावच्या सारंगाची खोली. टपालातला माणूस पत्ता बदलला की असंच करतो. अशा जुन्या पाकिटावर बॉलपेन चालवणं म्हणजे आम्हा जमवणाऱ्यांत पातक आहे. चालवलं. दोन्ही पत्रं मी अल्बमातून काढून आईच्या फोटोच्या मागे ठेवली आहेत. अल्बमात आता पानांमागून पानं रिकामी, नुसते काळे त्रिकोण आणि खाली तुमच्या टिपा. 'अत्यंत दुर्मिळ.' 'शेरे पाहावेत.' वर काही नाही. प्रदर्शनात मी तो असाच मांडणार आहे, आणि तुमच्या मुलीला बरं वाटावं म्हणून खाली तुमचं नाव मोठ्या अक्षरात.

राहिलं वडिलांचं पाकीट. त्याच्यासाठी मी खास बेत केला होता. आज सकाळी बाजारातून बांगडे आणवले. माझ्या सूनबाईला सांगितलं, तिखलं कर, तिरफळ घालून, आईसारखं. दुपारी पोटभर जेवलो, हातानं, काटे सोडवत, बोटं चाखत. ठरवलं होतं की असाच उठेन, उष्ट्या हातानं, आणि ते जांभळं तिकीट धरेन. अंगठ्यानं दाबून धरेन. जन्मात न जाणारा वास लावीन. तिकीट माझं आहे, मला हौस आहे म्हणून बापानं पाठवलंय, मी ते हव्या त्या हातानं धरेन. उजवा हात हवेत धरून मी ताटावरून उठलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, पाणी देऊ?" म्हटलं, "नको." टेबलापर्यंत आलो. पाकीट समोर होतं.

हे पत्र टपालात जाणार नाही, हे तुम्हीही ओळखलं असेल. जायचं तर पाकीट लागेल, आणि माझ्या घरातलं एकही पाकीट यापुढे तुमच्या हातात पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलंय. कागद फक्त तुमचा. पण एक सांगून टाकतो, कारण इथे दुसरं कुणी ऐकत नाही. टेबलापाशी मी बराच वेळ उभा होतो. मग मोरीवर गेलो आणि हात धुतले. साबणानं, दोनदा, नखांसकट. तिकीट हातात घेतलं ते त्यानंतर.